शिडाचं पोट

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. गावातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यातला पहिला गिअर त्यांच्या शेजारी बसून टाकला होता, आणि उरलेल्या निम्म्यांकडे रस्त्यात बघून मास्तर मान हलवत, की यांना कोणी शिकवलं देव जाणे. त्यांच्या छोट्या पांढऱ्या गाडीत ब्रेक दोन होते, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा मास्तरांच्या. शेजारी बसायचं, बोलत राहायचं आणि समोरच्याची चूक होण्याआधी पाय दाबायचा, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. सवय इतकी हाडात मुरली होती, की बसमधून जातानाही वळण आलं की त्यांचा उजवा पाय जमिनीत रुतायचा. घरी बायकोनं दूध गॅसवर ठेवलं की हे दुसऱ्या खोलीतून ओरडणार, "आच कमी!" त्यांच्या घरात दूध कधी उतू गेलं नाही. ते यांच्या ओरडण्यामुळे, की बायको गॅससमोरच उभी असायची म्हणून, याचा विचार मास्तरांनी कधी केला नव्हता.

माणूस वाईट नव्हता हो. शिकणाऱ्यांवर कधी आवाज चढवला नाही, कोणी परीक्षेत नापास झालं तर स्वतः हळहळायचे. पण या गाडीवाल्या माणसाला होडीचं वेड कुठून लागलं, ते विचारू नका. लागलं एवढं खरं. गाड्या ठेवायच्या शेडच्या मागे जुन्या टायरांचा ढीग होता, तो हलवून त्यांनी तिथे प्लायवूडची होडी बांधायला घेतली. रविवार गेले, सुट्ट्या गेल्या, एका अंगठ्याचं नख कायमचं गेलं, तेव्हा कुठे ती होडी पाण्यात गेली. आत दोन बाक, समोरासमोर, प्रत्येकी एक माणूस आडवा होईल असे. एक बाक मास्तरांचा आणि दुसरा कोणाचा, हे सांगायला नको.

शीड त्यांनी चिनी धाटणीचं निवडलं. आपण चित्रात बघतो तसलं तिकोनी, गुळगुळीत शीड नव्हे. यात कापडाला आडव्या कामट्या घातलेल्या असतात, त्यामुळे सगळं शीड पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं आणि पंख्यासारखं मिटतं. वारा वाढला की एक दोर सैल सोडायचा, शीड खिडकीच्या पडद्यासारखं घड्या घालत खाली येतं. ना धावपळ, ना आरडाओरडा. म्हाताऱ्या माणसाला, आळशी माणसाला आणि एकट्या माणसाला यापेक्षा सोयीचं शीड शोधून सापडायचं नाही. बाकीचे शिडवाले असं शीड लावणाऱ्यांना 'पडदेवाले' म्हणून हिणवत, आणि हे लोक ते नाव मोठ्या ऐटीत मिरवत.

मास्तरांचं शीड बायकोनं शिवलं होतं. बाहेरच्या खोलीत तिचं मशीन होतं आणि त्यावर ती लोकांचे कपडे सारखे करून द्यायची. पँट आखूड कर, कोट सैल कर, जाड झालेल्या बाईचा लग्नातला ड्रेस पुन्हा अंगात शिरेल असा कर. शिडासाठी तिनं सोफा उभा करून भिंतीला टेकवला, टेबल जिन्यात नेऊन ठेवलं आणि एक अख्खा हिवाळा ती त्या तपकिरी कापडाच्या ढिगात गुडघ्यांवर बसून होती. शीड पहिल्यांदा डोलकाठीवर चढलं तेव्हा मास्तरांनी वर बघितलं. प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही टोकांना चुण्या होत्या. कापड जिथे कामटीला भिडतं तिथे ते सरळ न बसता गोळा होऊन बसलं होतं.

बिचारी, मास्तर मनात म्हणाले. पँट आखूड करणं वेगळं आणि शीड शिवणं वेगळं.

तिला एका शब्दानं काही बोलायचं नाही, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. खिशातून बारीक दोरी काढली, एकेका कामटीच्या टोकाला कापड ओढून घेतलं आणि करकचून बांधलं. चुण्या गेल्या. शीड इस्त्री केलेल्या चादरीसारखं सपाट झालं. बायको धक्क्यावर उभी राहून बघत होती. तिच्याकडे वळून मास्तर हसले, आणि आपल्या मनाच्या मोठेपणानं त्यांना स्वतःलाच भरून आलं. दर वर्षी उन्हाळा आला की ते नव्या दोरीनं पुन्हा बांधणी करत, आणि दर वर्षी त्यांना तितकंच भरून येई.

त्या दिवसापासून बायको होडीत आली नाही. आज डोकं दुखतंय, उद्या एक कोट द्यायचा आहे. मास्तरांनी त्याचा अर्थ लावला आणि चारचौघांत सांगूनही टाकला, "हिला पाणी मानवत नाही. भीती वाटते." बायको ते ऐकायची आणि दोरा तोडायची.

या वर्षी मात्र मास्तरांनी गाडीची शाळा पुतण्याच्या ताब्यात दिली होती. सगळा उन्हाळा मोकळा. किनाऱ्या-किनाऱ्यानं निघायचं, जिथे बरं वाटेल तिथे नांगर टाकायचा, दोघांनी. हे स्वप्न ते इतकी वर्षं मनात घोळवत होते की त्यात बायको काय बोलेल, कुठे हसेल, हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. फक्त तिला विचारायचं राहिलं होतं. विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आधी तुमच्या त्या मेळाव्याला येते. बघते तिथे. मग सांगते." त्या 'मग सांगते'वर मास्तरांचा जीव टांगलेला होता.

मेळावा म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. खाडीच्या आतल्या अंगाला एक गवताचं मैदान होतं, त्याच्या टोकाला लाकडी धक्का. उन्हाळ्यात एका शनिवारी-रविवारी पडदेवाले आपापल्या होड्या घेऊन तिथे जमत. भाषणं नाहीत, बक्षिसं नाहीत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शर्यत नाही. हे सगळं जमवून आणायच्या त्या टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई. उभं आयुष्य दारोदार पत्रं वाटत फिरल्यामुळे की काय, त्यांना कोणी दिसलं की आधी नाव-गाव विचारल्याशिवाय चैन पडायची नाही. सगळे त्यांना पोस्टबाई म्हणत. पोस्टबाईंच्या खालोखाल इथे मान होता तो मास्तरांना. होडी स्वतः बांधलेला माणूस! नवा कोणी आला की पोस्टबाई त्याला मास्तरांकडे धाडायच्या. मास्तर त्याला शेजारी बसवून पहिल्यापासून सगळं समजावून सांगायचे. तो कंटाळला तरी सांगायचे.

या वर्षी कोणी आलंच नाही त्यांच्याकडे. सगळे साडूंकडे गेले.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वयानं मास्तरांपेक्षा लहान, पण नात्यानं थोरले, म्हणून त्यांना 'साडूभाऊ' म्हणावं लागायचं आणि दर वेळी ते म्हणताना मास्तरांच्या घशात काहीतरी अडकायचं. साडूंचं गाद्यांचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकाला गादी कशी आहे ते दाखवायला हे त्यावर पडून असायचे, आणि गिऱ्हाईक आलं नाही तरी पडून असायचे. असा हा माणूस, गेल्या वर्षी मास्तरांच्या होडीत तासभर बसला काय, आणि या वर्षी सरळ एक तयार होडी विकत घेऊन हजर. लाल शिडाची. आणि आत, काय सांगावं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाद्या. जाड, मऊ, कडेला गोट लावलेल्या निळ्या गाद्या, मापानं कापलेल्या.

सकाळी मास्तर आपल्या होडीत, पॉलिश केलेल्या उघड्या फळीवर बसून चहाच्या किटलीकडे बघत होते. पलीकडे साडूंच्या होडीत दाटीवाटीनं माणसं बसली होती.

"या की मास्तर!" साडूंनी हाक मारली. "जागा करतो. तिथे त्या फळीवर बसून मूळव्याध होईल."

सगळे हसले. पोस्टबाई हसल्या. त्या एका निळ्या उशीला टेकून बसल्या होत्या, त्याच पोस्टबाई, ज्या दर वर्षी मास्तरांच्या फळीवर बसून चहा प्यायच्या आणि 'वा, काय घासली आहे फळी' म्हणायच्या.

"मला इथेच बरं वाटतं," मास्तर म्हणाले. त्यांना मुळीच बरं वाटत नव्हतं. पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं कोणत्या जातीचं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नुसती होडी विकत घेतली, एक खिळा ठोकला नाही, एक नख गेलं नाही, आणि हा माणूस एका सकाळीत सगळ्यांच्या गळ्यातला ताईत. पण तेही मास्तरांनी गिळलं असतं. गिळता येत नव्हतं ते वेगळंच. निळ्या गाद्यांच्या कोपऱ्यात, थोरल्या बहिणीला खेटून, पाय दुमडून मास्तरांची बायको बसली होती आणि भाऊजींच्या कुठल्या तरी फालतू विनोदावर खो-खो हसत होती. डोळ्यांतून पाणी येईतो. घरी ती असं शेवटचं कधी हसली, ते मास्तर आठवायला लागले. आठवेना, तेव्हा त्यांनी किटली उगाचच पुसून काढली.

पाण्यावर डुलणाऱ्या होडीत बसली होती ती. भीती वाटते ना? मग?

दुपारी उलटापालट असायची. मेळाव्याचा हा एकच नेम होता. प्रत्येकानं आपली होडी दुसऱ्याच्या हवाली करायची, आपण परक्या होडीत बसायचं, आणि दूर खाडीच्या तोंडाशी तरंगणाऱ्या लाल पिंपाला वळसा घालून यायचं. शर्यत नाही हं, पोस्टबाई बजावायच्या, आणि सगळे माना डोलवून मनातल्या मनात शर्यत लावायचे. मालकानं स्वतःच्या होडीत पाय ठेवायचा नाही, एवढी अट.

"मास्तरांची होडी साडूंना," पोस्टबाईंनी जाहीर केलं, "आणि साडूंची मास्तरांना. घरातल्या घरात. भांडणं नकोत."

मास्तरांनी साडूंना समजावायला घेतलं. सुकाणू जरा डावीकडे ओढतं, डाव्या बाजूला वजन टाकू नका, दोर असा धरा, असा नाही. साडू 'हो, हो' म्हणत होते आणि त्यांचे डोळे होडीत पडायला बरी जागा कुठे आहे ते शोधत होते. तेवढ्यात बायको उठली.

"मी भाऊजींबरोबर जाते," ती म्हणाली. "आपल्याच होडीत."

"मालकाला नाही चालत," कोणीतरी म्हणालं.

"ही कुठे मालक आहे?" मास्तर पटकन बोलून गेले. ती आपल्या होडीत पाय ठेवतेय, याचाच त्यांना इतका आनंद झाला होता की आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं नाही. बायकोच्या आलं. ती चपला हातात घेऊन होडीत उतरली. मग मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. ती येतेय खरी, पण आपण तिथे नाही आहोत. तिथे गादीवाला आहे.

साडूंच्या होडीत मास्तरांबरोबर ताई आल्या, म्हणजे बायकोची ती थोरली बहीण. धक्का सोडून दोघं बाहेर पडली. वारा जेमतेम होता. लाल शीड आळसावून लोंबत होतं, होडी गोगलगाईच्या चालीनं निघाली होती. मास्तरांनी मागे वळून बघितलं. त्यांची होडी अजून धक्क्यालाच होती, शीड खाली घडी करून ठेवलेलं, आणि बायको त्या घडीवर वाकून कामट्यांच्या टोकांशी काहीतरी करत होती. साडू शेजारी उभे राहून बघत होते.

"काय चाललंय तिकडे?" मास्तर ओरडले. "अहो, दोरी सोडू नका! ती मुद्दाम बांधलीय!"

तिकडून साडूंनी हात हलवला. हो या अर्थी, की नमस्कार या अर्थी, कळायला मार्ग नव्हता. मास्तरांचा पाय निळ्या गादीत खोल रुतला.

"ताई, जरा सांगा हो तिला. हिला पाण्याची आधीच भीती, त्यात काहीतरी तुटलं बिटलं तर…"

"कोणाला भीती?" ताईंनी डोळे बारीक केले. "आमच्या हिला? अहो मास्तर, लहानपणी धरणाच्या पाण्यात पहिली उडी हिचीच असायची. मी काठावर बसून रडायचे, आणि ही मधे जाऊन मला हाका मारायची."

"मग माझ्याबरोबर का येत नाही?"

"ते तिला विचारा ना. मला विचारून काय उपयोग?"

तेवढ्यात मागे मास्तरांचं शीड वर चढलं.

ते त्यांचं शीड आहे, हे ओळखायलाच त्यांना वेळ लागला. कापड तेच, तपकिरी. कामट्या त्याच. पण सपाट चादर कुठे गेली होती कोण जाणे. प्रत्येक पट्टा वाऱ्यानं भरून गोल झाला होता, गच्च भरलेल्या उशा एकावर एक ठेवाव्यात तसा. वरचे पट्टे जरा कमी फुगलेले, खालचे जास्त, आणि सगळे मिळून एका डौलदार रेषेत. जो वारा साडूंच्या लाल शिडाला हलवत नव्हता, तोच या शिडात मावत नव्हता. होडी किंचित कलली आणि निघाली. निघाली म्हणजे काय, सुटलीच. मास्तरांची होडी मंद वाऱ्यात नेहमी सगळ्यांच्या मागे असायची. लाकूड जड पडलं, असं ते दर वर्षी सांगायचे. ती जड होडी पुढच्या सगळ्यांना एकेक करून मागे टाकत चालली होती.

"बाई बाई," ताई म्हणाल्या. "काय देखणं दिसतंय हो तुमचं शीड!"

इतकी वर्षं आपल्याबरोबर राहून जी होडी कधी अशी वागली नाही, ती दुसऱ्याच्या हातात गेल्या गेल्या अशी फुलावी, याच्याइतकं झोंबणारं दुसरं काही नसेल. त्यांना वाटलं, आत्ता वारा पडावा. त्यांना वाटलं, साडूंचा हात चुकावा, होडी गाळात रुतावी, मग आपण जाऊन सोडवू. एवढ्या वाईट इच्छा त्यांनी कधी बेशिस्त रिक्षावाल्याबद्दलही केल्या नव्हत्या.

होडी जवळ आली, शेजारून निघाली. आणि मास्तरांनी पाहिलं, साडूंचा हात चुकायचा प्रश्नच नव्हता. साडू पुढच्या बाजूला मास्तरांच्या बाकावर टोपी तोंडावर घेऊन उताणे पडले होते. सुकाणूवर बायको होती. अनवाणी, एक पाय दुमडलेला, केस सुटलेले, आणि नजर वर, शिडावर. ती हसत नव्हती. रात्रभर बसून नीट केलेला ड्रेस गिऱ्हाइकानं अंगात चढवला आणि आरशात वळून बघितलं, की ती ज्या नजरेनं बघायची, तशी बघत होती. मास्तरांनी हाक मारायला तोंड उघडलं. होडी पुढे गेली.

परत आल्यावर धक्क्यावर सगळे मास्तरांच्या होडीभोवती जमले. त्यांना वर्षानुवर्षं हेच हवं होतं, आणि आता ते गर्दीच्या मागे उभे होते. पोस्टबाईंनी शिडाची कड हातात घेतली, चष्मा कपाळावर सारला आणि शिवणीवरून बोट फिरवलं.

"हे कोणी कापलं?" त्या म्हणाल्या. "पट्ट्यापट्ट्याला पोट ठेवलंय, आणि टोकाला चुण्या घालून ते बसवलंय. मी इतकी वर्षं ही होडी बघतेय, मला हे दिसलं कसं नाही?"

बायकोनं मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी दोरीकडे.

"अहो, तीच तर गंमत आहे," साडू पुढे सरसावले. "ड्रेसला छातीशी चुण्या घालून फुगीरपणा देतात ना, तसंच. वर वारा जोरात म्हणून वरच्या पट्ट्यांना पोट कमी, खाली जास्त. चुणी किती धरायची ते तिनं…" आणि साडू सांगत राहिले, हातवारे करून, स्वतःच शिवल्यासारखे. चूक काढायला मास्तरांनी कान टवकारले होते. एकही सापडली नाही, आणि ते त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

संध्याकाळी लोक मैदानात पांगले. मास्तर होडीत आले तेव्हा बायको शिडाची घडी नीट करत होती.

"दोऱ्या कोणी सोडल्या?" त्यांनी विचारलं. माहीत असून.

"मी."

"मला न विचारता?"

"भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, सोड की."

"होडी काय भाऊजींची आहे?"

"दुपारपुरती होती. तुम्हीच दिलीत." ती घडीवर हात फिरवत होती. "माझी तर नव्हतीच."

मास्तरांना ते लागलं, पण त्यांच्या पोटात इतकं साठलं होतं की थांबणं शक्य नव्हतं. "त्या दोऱ्या मी का बांधल्या होत्या, माहीत आहे तुला? तुझ्या चुण्या दिसू नयेत म्हणून. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून. कधी बोललो तुला? एका शब्दानं तरी? दर वर्षी झाकून घेत आलो."

बायकोचा हात थांबला. ती हळूच बाकावर बसली, त्या दुसऱ्या बाकावर, जो इतकी वर्षं तिच्यासाठी रिकामा होता.

"झाकून घेत होतात," ती म्हणाली. "म्हणजे तुम्हाला वाटलं, माझं चुकलंय."

"मग दुसरं काय वाटणार? चुण्या होत्या!"

"मी तुम्हाला विचारलं होतं. पट्ट्यांना पोट ठेवू का म्हणून. तुम्ही कामट्या घासत होतात. हं म्हणालात." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. "त्या दिवशी धक्क्यावर उभी होते मी. शीड वर गेलं, भरलं, आणि तुम्ही वर बघितलंत. मी म्हटलं, आता बोलतील. तर तुम्ही खिशातून दोरी काढलीत आणि सगळं पोट ओढून सपाट करून टाकलंत. माझ्याकडे बघून हसलात वर. मी म्हटलं, यांना नाही आवडलं. होडी त्यांची आहे, त्यांना हवं तसं करू दे. पण ते सपाट शीड बघत मी नाही बसणार."

"म्हणून आली नाहीस?"

"म्हणून."

"आणि पाण्याची भीती?"

"ती तुम्हीच ठरवलीत."

मास्तर समोरच्या बाकावर बसले. गाडीत शेजारी बसून त्यांनी हजारो चुका आधीच ओळखल्या होत्या, आणि ही एक त्यांच्या डोक्यावर उभी राहून वारा खात होती. त्यांना रडू येतंय की काय, अशी शंका त्यांना आली. पण रडण्याच्याही आधी एक गोष्ट वर आली, आणि माणूस सरळ असल्यामुळे त्यांनी ती सांगून टाकली.

"मला त्याचा हेवा वाटला. साडूचा."

"गाद्यांचा?"

"गाद्यांचाही. पण तू हसत होतीस तिथे. आणि ते पोट… ते मी आधी बघायला हवं होतं. त्यानं बघितलं."

"त्यांनी कुठे बघितलं? ते झोपले होते," बायको म्हणाली, आणि तिच्या तोंडाचा कोपरा जरासा हलला. तेवढ्या हलण्यावर मास्तरांनी हिंमत धरली.

"मग… या उन्हाळ्यात येणार ना? माझ्याबरोबर?"

"होडी घेऊन जाणारच आहे मी. उद्या सकाळी. ताई आणि मी. पुढच्या बंदरापर्यंत. तिला सांगितलंय मी."

"आणि मी?"

"तुम्ही भाऊजींच्या होडीत. या मागून."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतरचं त्यानंतर."

मास्तरांच्या जिभेवर वीस सूचना आल्या. सुकाणू डावीकडे ओढतं, बंदराच्या तोंडाशी गाळ आहे, दोर असा धर. त्यांनी त्या सगळ्या तिथेच ठेवल्या आणि त्याऐवजी विचारलं, "ते पोट किती ठेवायचं, हे तू ठरवलंस कसं?"

बायको उठली, तिनं चपला उचलल्या. "भाऊजींना विचारा," ती म्हणाली. "त्यांनी धक्का सोडायच्या आतच विचारलं होतं. त्यांना सगळं सांगितलंय."

सकाळी दोघी बहिणी निघाल्या. तपकिरी शीड वर गेलं आणि भरलं. धक्क्यावरून पोस्टबाईंनी टाळ्या वाजवल्या. मास्तर लाल शिडाच्या होडीत निळ्या गादीवर बसले होते, त्यांना ती गादी मऊ लागत होती आणि याचाही त्यांना राग येत होता. पुढची होडी लांब लांब जात चालली. ताईंचं काहीतरी बोलणं आणि त्यावर बायकोचं हसणं पाण्यावरून ऐकू येत होतं, पण शब्द कळत नव्हते. साडूंनी टोपी तोंडावर ओढली.

"साडूभाऊ," मास्तर म्हणाले. या वेळी घशात जे अडकलं ते त्यांनी गिळून टाकलं. "ते शिडाचं पोट. ती ते कसं मोजते?"

साडूंनी टोपी वर केली आणि ते कोपरावर उठून बसले. "अहो मास्तर, शीड तुमच्या घरात शिवलं. अख्खा हिवाळा ती तुमच्यासमोर बसली होती. आणि तुम्ही मला विचारताय?"

"तुम्हालाच विचारतोय," मास्तर म्हणाले. "सांगा."